लाइन हलणार

बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात ग्राइंडरवर होते. लाइन उत्तराखंडात हलणार, हे नोटीस बोर्डाच्या आधी त्यांना स्टोअरमध्ये कळलं. ग्राइंडिंग व्हील्स महिन्याऐवजी आठवड्यापुरतीच मागवली जाऊ लागली होती.

केंद्र सरकारने 2003 साली उत्तराखंड आणि हिमाचलमधल्या नव्या उद्योगांना दहा वर्षं अबकारी कर माफ केला, पहिली पाच वर्षं आयकरही. एवढ्या सवलतीपुढे बाबांच्या कानाची काय किंमत? व्हील जॉबला टेकलं की किती मायक्रॉन उरलेत, ते त्यांना आवाजावरून समजायचं.

मग व्हीआरएसचा कागद आला. कामगार कपातीत कायद्याने मिळते ती भरपाई म्हणजे सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. कागदावरचा आकडा त्याहून मोठा होता, आणि माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. बाबांनी सही केली. कंत्राटी पोरांच्या वाट्याला कागदसुद्धा आला नाही. त्यांचे गेटपास पुढच्या महिन्यात निघालेच नाहीत. यादीत नसलेल्या माणसाची कपात कोण मोजणार?

मशीन ट्रेलरवर चढवायच्या दिवशी बाबांनी त्याच्या स्लाइडना हाताने ग्रीस लावलं. वाटेत गंज धरू नये म्हणून. त्या ग्रीसचा मला कितीतरी वर्षं राग होता.

2017 साली जनरल मोटर्सने गुजरातमधला हालोलचा कारखाना बंद केला आणि आमच्या तळेगावचा चालू ठेवला. काम आपल्याकडे राहिलं म्हणून मला बरं वाटलं. हालोलमध्येही कुणीतरी शेवटचा हात मशीनवरून फिरवला असेल, हे मनाला शिवलंही नाही. याची मला आज लाज वाटते. डिसेंबर 2020मध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं. तेव्हा कुठे मला बाबांकडे येणारे ते फोन आठवले.

मशीनबरोबर बाबांना पंधरा दिवस उत्तराखंडात पाठवलं होतं, नव्या मुलांना शिकवायला. त्यांतला एक मुलगा पुढे दीड-दोन वर्षं फोन करायचा. जॉब जळतोय, फिनिश येत नाही, काय करू? आम्हाला वाटायचं, ज्यांनी काम नेलं त्यांचं ते बघतील. बाबा मात्र जेवता जेवता उठायचे, टीव्ही बंद करायची खूण करायचे आणि त्याला सांगायचे, फोन जरा मशीनजवळ धर.