कोठीची किल्ली

सासूबाईंच्या काळीं कोठीची किल्ली त्यांच्याच कमरेला असे, आणि काय व किती हवें हें सांगितल्यावांचून ती कोणाच्या हातीं पडत नसे. आम्हां सुनांना त्याचा राग येई. गेल्या श्रावणांत मात्र त्या किल्लीची आठवण मला निराळ्याच निमित्तानें झाली.

घरांत माणसें नऊ, संगणक चार, आणि छायाचित्रें व कागदपत्रें सांठविण्याची हार्ड डिस्क एक. ती या खोलींतून त्या खोलींत हिंडे. एकदां जिन्यावरून पडतां पडतां वांचली. तेव्हां धाकट्या भावजींनीं ती दिवाणखान्यांतल्या संगणकाला जोडून घरच्या वाय-फायवर सर्वांना खुली केली. तो संगणक जणूं वाढपी, बाकीचे पंक्तीला बसलेले. मागेल त्याला राऊटरमार्फत फाईल मिळते, इंटरनेटची जरूरहि लागत नाहीं. मात्र वाढपी झोंपला कीं पंगत उपाशी! भावजींचा लॅपटॉप लिनक्सवर चालतो. त्याला विंडोजची ही एस.एम.बी. नांवाची भाषा कळते ती ‘सांबा’मुळें. १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत अँड्र्यू ट्रिजेल यांनीं तें साधन रचिलें. सांबा म्हणतांच मला आपला सांब सदाशिव आठवला; परंतु एस, एम, बी हीं अक्षरें असलेला शब्द यादींत धुंडाळतां सांपडलेलें तें नांव आहे.

भावजींनीं सर्वांना सर्व अधिकार दिले. आपल्याच घरांत कुलुपें कशाला, असें आम्हां सर्वांनाच वाटलें.

थोरल्या जाऊबाईंच्या मुलाला कॉलेजच्या कामासाठीं जागा हवी होती. त्यानें आपल्या खोलींतून ‘जुनें’ नांवाचा फोल्डर पुसून टाकला. त्यांत सासूबाईंच्या आवाजांतील अकरा ध्वनिमुद्रणें होतीं. त्यांना जाऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. स्वतःच्या संगणकावर पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्यें पडून राहते. दुसऱ्या संगणकावरून अशी पुसलेली राहत नाहीं, हें आम्हांला तेव्हां कळलें. पुसल्यानें प्रथम नाहींशी होते ती केवळ जागेची नोंद; मजकूर त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत टिकतो. पण आमच्या ध्यानांत यावयास आठ दिवस लागले, आणि मधल्या काळांत एका लग्नाचीं छायाचित्रें तींत भरलीं गेलीं होतीं. अकरांपैकीं चार हातीं लागलीं. मंगळागौरीचीं गाणीं गेलीं तीं गेलींच.

मुलगा दोन दिवस जेवला नाहीं. त्याला कोणी बोललें नाहीं, आणि तेंच त्याला अधिक लागलें असावें.

आतां वाचण्याचा अधिकार सर्वांना, लिहिण्या-पुसण्याचा एकालाच. तो एक कोण, यावर चांगलाच वाद झाला. ह्यांचें मत भावजींकडे. मीं मुलाचें नांव घेतलें, आणि नवल म्हणजे जाऊबाईच विरुद्ध गेल्या. शेवटीं माझा हट्ट चालला. दर रविवारीं तो सर्व मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवितो आणि ती काढून माझ्या कपाटांत ठेवतो. जोडलेली ठेवण्यांत अर्थ नाहीं; २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ विंडोजमधील या भाषेच्या जुन्या आवृत्तीच्या एका छिद्रांतूनच जगभर शिरला व फायली ओलीस धरून बसला.

रविवारीं किल्ली मागतांना, “काकू, अमुक अमुक उतरवितों आहें,” असें तो आधीं सांगतो. मग चारांपैकीं एखादें मुद्रण लावून पाहतो. त्यांतल्या एकांत सासूबाई सांदणांचें प्रमाण सांगतां सांगतां मध्येंच थांबून म्हणतात, “दार लोटून घे ग, मांजर येईल.”