संगणक म्हणाला सहा

युरिया, बेन्झाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट. कांदिवली पूर्वेच्या आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॅडमनी माझ्या हातात एवढंच दिलं. इथेनॉलमध्ये आम्लाचे थेंब टाकून तिन्ही एकत्र उकळायची, की दोन नायट्रोजन असलेलं सहा अणूंचं वलय जुळून येतं. पिएत्रो बिजिनेली या इटालियन रसायनज्ञाची ही १८९१ सालची कृती.

आई म्हणाली, "युरिया? एवढं शिकून खतच शिजवतेस होय गं?"

म्हणू दे. त्याच कृतीत थायोयुरिया आणि हायड्रॉक्सीबेन्झाल्डिहाइड घेतलं की मोनॅस्ट्रॉल मिळतं. पेशीचं विभाजन अडवणारा रेणू म्हणून १९९९ मध्ये ते गाजलं. आणि आमच्या चारकोपच्या घराजवळच, कांदिवली इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये इप्काचं ऑफिस आहे. २०२० मध्ये ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी सगळं जग धावत होतं, ते बनवणाऱ्यांपैकी ही एक कंपनी. त्या औषधाच्या पोटातही नायट्रोजनचं वलयच.

रिफ्लक्स लावला की वाट बघणं आलं. मधूनमधून टीएलसीच्या प्लेटवर थेंब लावून तपासणं. यूव्हीच्या दिव्याखाली प्लेट धरली की वर अल्डिहाइडचा ठिपका फिकट होत चाललेला दिसे आणि खाली नवा गडद. तो वरचा पुसला गेला की फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ओतायचा. पांढरं घन धप्पकन खाली बसतं, हे बघायला मला अजूनही आवडतं. गाळून, इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करून, कॅपिलरीत भरलं. २०२ अंशांना वितळलं. पुस्तकाशी जुळलं.

मग संगणक. रेणूचा आकार काढणारं डीएफटीचं गणित रात्रभर चाले. सकाळी रेणू पडद्यावर उभा: वलय सपाट नाही, होडीसारखं किंचित वाकलेलं, फिनाइल त्यावर जवळजवळ काटकोनात. सुरेख. पण पवईच्या आयआयटीतून एनएमआर आला आणि पंचाईत झाली. वलयातल्या दोन नायट्रोजनवरचे हायड्रोजन, म्हणजे दोन एनएच, आलेखात ९.२ आणि ७.७ ला. संगणक पहिल्याला सहाच्या आसपास दाखवत होता, दुसऱ्याला त्याहून खाली. मैत्रीण म्हणाली, थिअरीचा भाग गाळून टाक.

मॅडमनी एकच विचारलं, "तू रेणू ठेवला होतास कुठे?"

निर्वातात, एकटा. आणि पवईला तो डीएमएसओ या द्रावकात विरघळलेला. दुपारी दोनच्या रिकाम्या लोकलमधला माणूस आणि सकाळी आठच्या चर्चगेट फास्टमधला माणूस यांची बसायची पद्धत सारखी कशी असेल? डीएमएसओचा ऑक्सिजन एनएचच्या हायड्रोजनला ओढून धरतो. दोन्ही एनएचपाशी एकेक डीएमएसओ ठेवून गणित पुन्हा लावलं, तसे आकडे वर सरकले. क्रम मात्र पहिल्यापासूनच बरोबर होता. ज्या नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन दुहेरी बंधातून एस्टरकडे ओढले जातात, त्याचाच एनएच वर.

डॉकिंगही केलं, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहिलं, सगळेच करतात म्हणून. कुठल्याही प्रथिनात कुठलाही रेणू कोंबा, गुण मिळतातच. संगणक नाही म्हणत नाही. तो आकडा तक्त्यात टाकला आणि विसरले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही डॉकिंगचं पान उलटलं आणि एनएमआरपाशी थांबले. "तिसरा डीएमएसओ ठेवून बघितलात?"

"आमच्या पीसीची रॅम पुरत नव्हती, सर."