कोणत्या शब्दावरून?

उर्दू माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्याला दोन गोष्टी वर्षभर कराव्या लागतात. मुलांकडून मजमून लिहवून घ्यायचा आणि शेरांची तशरीह करून द्यायची. मजमुनाचे तीन भाग ठरलेले: तमहीद, नफ्से-मजमून आणि खातमा. तशरीहची वाटही ठरलेली. आधी शायराचे नाव आणि तखल्लुस, मग जन्म कुठे झाला, आणि शेवटी 'या शेरात शायर आपल्याला नसीहत करतो की...' मुले हे पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, गुण मिळवतात. मराठी शाळांतल्या 'संदर्भासह स्पष्टीकरणा'ची कथा फारशी वेगळी नसावी. बी.एड.च्या वर्षी आम्ही सराव पाठांसाठी वहीच्या वही पाठ टाचणे लिहिली. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, फलकलेखन, सारे चौकटीत नीट बसवले. पण एका कवितेसमोर स्वस्थ बसून तिच्यातल्या एकेका शब्दाला प्रश्न विचारायचे असतात, याला त्या चौकटीत जागा नव्हती.

ही गोष्ट आम्हांला दूरच्या एका वर्गाने दाखवली. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. आम्ही मोबाईलवरून मुलांना धडे पाठवत होतो. त्याच मोबाईलवर सप्टेंबर महिन्यात एका अभ्यासक्रमात नाव घातले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा आधुनिक अमेरिकन कवितेवरचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम प्राध्यापक अल फिलराइस यांनी २०१२ साली सुरू केला. 'मॉडपो' या छोट्या नावाने तो ओळखला जातो. पहिल्याच वर्षी जगभरातून तीस हजारांहून अधिक लोकांनी त्यात नाव घातले होते. फी नव्हती, वयाची अट नव्हती, पदवी विचारत नव्हते. दहा आठवडे कविता वाचायच्या, चार छोटे निबंध लिहायचे, आणि आपल्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांचे निबंध वाचून त्यांना लेखी अभिप्राय द्यायचा.

आमची पिढी इंग्रजी पाचवीपासून शिकली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, आम्ही पुढच्या वर्गात गेल्यावर. त्यामुळे मनात धाकधूक होती. घरी दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत आणि बाजारात मराठी, आणि आता निबंध इंग्रजीत! पण इशाच्या नमाजनंतर घर शांत झाले की कानाला इअरफोन लावून आम्ही पडद्यासमोर बसू लागलो.

पडद्यावर एका साध्या घरातली बैठक दिसे. विद्यापीठाच्या आवारातले हे घर 'केली रायटर्स हाउस' म्हणून प्रसिद्ध आहे. टेबलाभोवती प्राध्यापक आणि सहा-सात तरुण मुलेमुली, सर्वांसमोर एकच कविता. व्याख्यान कोणी देत नसे. प्राध्यापक एका शब्दावर बोट ठेवून एकाला विचारत, मग दुसऱ्याला. कोणी मोठा अर्थ सांगितला की लगेच पुढचा प्रश्न येई: हे तुम्ही कोणत्या शब्दावरून म्हणता? शब्द दाखवता आला तर चर्चा पुढे जाई, नाही तर तो अर्थ कितीही सुंदर असला तरी बाजूला राही. वीस-वीस मिनिटे एका छोट्या कवितेवर असे बोलणे चाले. आमच्या शाळेत तेवढ्या वेळात आख्खी गझल 'पूर्ण' होते.

पहिला निबंध एमिली डिकिन्सनच्या एका कवितेवर लिहायचा होता. ही बाई मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट गावी १८३० साली जन्मली आणि १८८६ साली तिथेच वारली. जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या, पण हयातीत छापल्या गेल्या त्या जेमतेम दहाएक, त्याही बहुतेक नावाशिवाय. मृत्यूनंतर धाकट्या बहिणीच्या हाती कवितांचा साठा लागला आणि १८९० साली पहिला संग्रह निघाला.

आमच्या वाट्याला आलेली कविता नशेची होती! कधी गाळलीच गेली नाही अशी दारू प्यायल्याचे बोलणारी सांगते. हवा पिऊन ती झिंगली आहे, दवाने धुंद झाली आहे. उन्हाळ्याचे लांबलचक दिवस आणि निळे आकाश हेच तिचे गुत्ते. फुलाच्या दारातून मधमाशीला हाकलून दिले, फुलपाखरांनी घोट सोडले, तरी हिचे पिणे चालूच. शेवटी फरिश्ते टोप्या हलवतात आणि संतमंडळी खिडक्यांकडे धावतात, सूर्याला टेकून उभ्या असलेल्या या पिणारीला बघायला.

मुस्लिम घरातली, नमाज-रोजा पाळणारी शिक्षिका रात्री जागून शराबेवर निबंध लिहिते, याचे घरात थोडे हसू झाले. पण उर्दू वाचणाऱ्याला या विषयाचे नवल नाही. ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही अशा शायरानेही साकी, जाम आणि मयखान्यावर शेर लिहिले आहेत. आमच्या सासऱ्यांना मुशायऱ्यांचा जुना शौक. तरुणपणी स्वतःही शेर लिहून सोलापुरातल्या एका उस्तादांकडे इस्लाहसाठी नेत. आम्ही त्यांना ही कविता ओळीओळीने दखनीत सांगितली. डोळे मिटून त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "बेटी, ये तो हमारीच शराब है. मारिफत की."

आम्हीही तसेच काहीसे लिहिण्याच्या बेतात होतो. ईश्वरी प्रेमाची नशा, आपल्या सूफींसारखी. निबंधाला हे शोभूनही दिसले असते. पण सासरे थोडा वेळ थांबले आणि त्यांनीच विचारले, "लेकिन इस में साकी कहां है?"

साकी नव्हता. कविता पुन्हा वाचली. गुत्त्याचा मालक आहे, पण तो माशीला हाकलणारा, पाजणारा नव्हे. आपल्या गझलेत पिणारा साकीच्या नजरेकडे डोळे लावून बसतो. त्याला वाट बघावी लागते, विनवावे लागते, वाइजचे टोमणे ऐकावे लागतात. इथे पिणारीला कोणाची मिनतवारी नाही. हवा सगळ्यांची, दव सगळ्यांचे. ती आकाशाकडे बघत नाही, आकाशातले रहिवासी तिला बघायला खिडकीशी येतात. बघण्याची दिशाच उलटी आहे. मारिफतची शराब म्हणून आम्ही ही कविता आपल्या घरात ओढून आणली असती, तर तिची स्वतःची गंमत दाराबाहेर राहिली असती.

मग आणखी दोन गोष्टी कळल्या. तिच्या काळी त्या मुलखात दारूबंदीची चळवळ जोरात होती. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ साली दारूबंदीचा कायदाही झाला होता. आणि कवितेची चाल कोणती? चर्चमध्ये म्हणायच्या स्तोत्रांची. म्हणजे आपल्याकडे कोणी हम्दच्या चालीवर मयखान्याचे गाणे म्हणावे, तसे. ज्या समाजात घोट सोडण्याच्या शपथा घेतल्या जात, तिथे ही बाई शपथ फुलपाखराला घ्यायला लावते आणि आपण आणखी पिते. निबंधात आम्ही एवढेच मांडले: साकी नाही, बघण्याची दिशा उलटी, आणि चाल स्तोत्राची. प्रत्येक म्हणण्यापुढे कवितेतला शब्द. तमहीद नाही, कवयित्रीचा जन्म-मृत्यू नाही, खातम्यात नसीहत नाही.

निबंध जगात कुठे कुठे गेला कोण जाणे. अभिप्राय देणाऱ्यांची तोंडेही आम्ही पाहिली नाहीत. एकाने साकीचा मुद्दा आपल्याला नवा असल्याचे लिहिले. दुसऱ्याने मात्र विचारले, निबंधात जागोजाग 'आम्ही' लिहिले आहे, हे आम्ही म्हणजे कोण? मत तुमचे आहे तर 'मी' का म्हणत नाही?

प्रश्न रास्त होता. आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला आणि 'आम्ही'च ठेवले. आमच्या दखनीत एकुलता एक मुलगासुद्धा 'हमारे अब्बा' म्हणतो. गझलेतला आशिक एकटाच असतो, तरी स्वतःला 'हम' म्हणवतो. मराठीतही 'आम्ही' म्हणण्याची जुनी रीत आहे. त्यात मोठेपणा नसतो, उलट एकट्याने पुढे होण्याचा संकोच असतो. आणि त्या निबंधात तर हे अक्षरशः खरे होते. साकीचा प्रश्न सासऱ्यांचा, त्यांना तो ज्या उस्तादांनी शिकवला त्यांचा, आणि शब्द शोधायची मेहनत आमची. हे सगळे 'मी' या एका अक्षरात कसे मावणार? पण त्या अभिप्रायाने एक गोष्ट पक्की झाली. 'आम्ही' म्हणताना त्यात कोण कोण आहेत, हे विचारले तर सांगता आले पाहिजे. आपल्या समाजाच्या नावाने सभा-संमेलनांत किती जण 'आम्ही' म्हणतात! त्यांनाही हा प्रश्न कधी तरी विचारावासा वाटतो.

सासऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना फार लागली. हीच कविता १८६१ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात नावाशिवाय छापून आली, तेव्हा संपादकांच्या हातून यमक नीट जुळावे म्हणून ओळी बदलल्या गेल्या आणि वर एक मथळाही चिकटवला गेला. तिचे शब्द जसेच्या तसे, तिच्या आडव्या रेघांसह, वाचकांना मिळायला १९५५ सालची आवृत्ती यावी लागली. सासरे म्हणाले, ही इस्लाह नव्हे. इस्लाह शागिर्दाला समोर बसवून होते. उस्ताद शब्द बदलतो तेव्हा का बदलला ते सांगतो, आणि शागिर्द शिकून उठतो. त्यांच्या उस्तादांनी दोन मिसऱ्यांसाठी त्यांना तीनदा परत पाठवले होते. दर वेळी विचारणा एकच, हा लफ्ज इथे का?

म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या टेबलावरचा प्रश्न सोलापूरच्या एका ओसरीवर पन्नास वर्षांपूर्वी विचारला जात होता. आपल्याकडे तो नव्हता असे नाही. शम्सुर्रहमान फारुकी यांनी टपाल खात्यात नोकरी करीत करीत मीरच्या शेरांचा असाच शब्दाशब्दाने अभ्यास केला. 'शेरे-शोरअंगेज' हे त्यांचे चार खंड त्यातूनच झाले आणि १९९६ साली त्यांना सरस्वती सन्मान मिळाला. आमचा अभ्यासक्रम संपला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला फारुकी गेले. ओसरीवरची ती परंपरा शाळेच्या वर्गापर्यंत मात्र आली नाही. मध्ये गाईड आले, तयार तशरीह आली.

शाळा पुन्हा भरल्यावर आम्ही सातवीच्या वर्गात इक्बालची 'बच्चे की दुआ' घेतली. मुले ती रोज परिपाठात म्हणतात, म्हणून ती 'वाचायची' राहूनच गेलेली. शायराचा परिचय बाजूला ठेवला आणि सांगितले, प्रत्येकाने एक शब्द निवडा आणि तो इथे का आहे ते सांगा. पहिले दोन दिवस वर्ग गप्प. उत्तर पाठ नसलेला प्रश्न त्यांना नवीन होता. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "टीचर, शमा तो जल के खतम हो जाती. फिर बच्चा शमा जैसा होने की दुआ कायको मांगता?" त्या तासाला घंटा झाली तरी वर्ग उठेना. कोणी म्हणाले, उजेड द्यायचा तर जळावे लागणारच. दुसऱ्याने पुढच्या ओळींतला वतनचा बगीचा आणि फूल दाखवून म्हटले, फूल न जळताही शोभा देते, म्हणून शायराने दोन्ही मागितले आहे. एकाने गरिबांची कड घेण्याचे आणि दुबळ्यांवर प्रेम करण्याचे मागणे दाखवले. हे आम्ही सांगितलेले नव्हते.

या दुआवरून २०१९ साली उत्तर प्रदेशातल्या पिलीभीत जिल्ह्यात एका मुख्याध्यापकाला निलंबित केले गेले होते. शाळेत धार्मिक प्रार्थना म्हणवून घेतल्याची तक्रार झाली होती. पुढे निलंबन मागे घेतले गेले. दुआत अल्लाहचे नाव आहे, हे खरेच आहे. पण तिच्यात शमा आहे, वतन आहे, इल्म आहे, गरीब आहे, आणि नेक वाटेवर चालण्याची विनंती आहे. आमच्या मुलांपुढे उद्या असा प्रसंग आला तर त्यांनी घाबरून गप्प बसू नये आणि संतापून ओरडूही नये. त्यांनी कविता समोर ठेवावी आणि शांतपणे विचारावे, आक्षेप कोणत्या शब्दावर आहे? हा प्रश्न विचारायला मोठी पदवी लागत नाही, सवय लागते. आणि जो हा प्रश्न दुसऱ्याला विचारतो त्याला तो स्वतःलाही विचारावा लागतो. मोहल्ल्यातल्या तकरीरी आणि मोबाईलवर फिरणारे संदेश यांनाही मग तोच लागू होतो. ज्या दीनची पहिली वही 'इक्रा' या शब्दाने उतरली, त्या दीनच्या मुलांनी न वाचता मान डोलावणे शोभत नाही.

सध्या आमच्या घरी रविवारी असरनंतर आठ-दहा मुले-मुली जमतात. एक आठवडा उर्दू नज्म, एक आठवडा मराठी कविता. मराठी कविता मुलांना आधी परकी वाटे. आता शब्दाचा अर्थ अडला की ती शेजारच्या मराठी शाळेतल्या मित्रांना विचारून येतात, आणि त्यातले दोघे तर बैठकीलाच येऊ लागले आहेत. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. सासरे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि कोणी लांबलचक अर्थ सांगू लागले की काठी जमिनीवर टेकवून विचारतात, "कौन से लफ्ज से?" गेल्या रविवारी एका मुलाने त्यांनाच हा प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा मागवला आणि पुस्तक हातात घेतले.