एका घरात दोन चुली

वेगळी चूल मांडणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे फारशा चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. कुणी वेगळी चूल मांडली, की घर फुटले असेच आपण समजतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे, की पुष्कळ घरे चूल वेळीच वेगळी न मांडल्यामुळे फुटत असावीत. हा विचार मला एखाद्या कौटुंबिक कादंबरीवरून सुचला नाही, की शेजारच्या बिऱ्हाडातल्या भांड्यांच्या आवाजावरूनही नाही. तो सुचला एका खेळावरून. आणि तोही संगणकावरच्या! मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावर लढाया खेळाव्यात, याचे कुणाला आश्चर्य वाटेल. पण इतिहासाचे वेड असलेली लेक घरात असली, की बापाला कोणत्या रणांगणावर उतरावे लागेल, ते सांगता येत नाही.

या खेळाचे नाव ‘झिरो ए. डी.’, म्हणजे इसवी सन शून्य. गंमत पाहा, असे वर्षच कधी झाले नाही. इसवी सनापूर्वीचे पहिले वर्ष संपले, की एकदम इसवी सनाचे पहिले वर्ष सुरू होते. मधले शून्य कालगणनेत नाही. त्या न उजाडलेल्या वर्षाच्या मैदानात ग्रीक, रोमन, इराणी यांच्याबरोबर आपले मौर्यही हत्ती घेऊन उभे आहेत. चंद्रगुप्त आहे, अशोक आहे आणि शेंडी सांभाळून आचार्य चाणक्यही आहेत. ‘वाइल्डफायर गेम्स’ या हौशी मंडळींच्या गटाने हा खेळ रचला आणि २००९ साली त्याचा सारा कोड लोकांसाठी खुला केला. पंगतीत जेवण तर वाढलेच, वर पाककृतीही हाती दिली! मुक्तस्रोत म्हणतात तो हाच प्रकार.

आता ज्या घरी पाककृती खुली, त्या घरी आवृत्त्यांना काय तोटा? या मंडळींनी आवृत्त्यांची नावे इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवली. २०२२ साली सव्विसावी आवृत्ती आली, तेव्हा अक्षरे संपली; तिचे नाव चिनी तत्त्वज्ञ झुआंगझी याच्यावरून ठेवले. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ झाला आणि २०२५ सालच्या सत्ताविसाव्या आवृत्तीला नाव मिळाले ‘अग्नी’. चुलीची गोष्ट सांगायला निघालो आणि अग्नी आपणहून हजर झाला, म्हणायचे!

माझ्या संगणकावर ही अग्नी आवृत्ती आली, तेव्हा लेक शिकायला परगावी वसतिगृहात जाऊन राहिली होती. तिच्या संगणकावर डेबियनची बारावी आवृत्ती आहे आणि तिच्या भांडारात हा खेळ सव्विसावाच मिळतो. रविवारी संध्याकाळी दोघांनी मिळून एक डाव खेळायचा, असा आमचा बेत. पण दोन संगणकांनी एकमेकांशी खेळायचे, तर दोघांची आवृत्ती एकच लागते. कारण मोठे मजेचे आहे. या खेळात सगळी लढाई एका संगणकावरून दुसऱ्याकडे जात नाही, जातात ते फक्त हुकूम. हत्ती किती पावले चालला, भिंत किती ढासळली, याचा हिशेब दोन्ही संगणक आपापल्या घरी करतात. नियमात तिळाएवढा फरक पडला, तरी तिच्याकडे माझा किल्ला पडलेला आणि माझ्याकडे तो उभा, अशी स्थिती व्हायची!

तेव्हा नवीच्या शेजारी जुनी आवृत्तीही ठेवणे आले. शिवाय तिला दुसरेही एक कारण होते. जाण्याच्या आदल्या रात्री लेक माझ्याच संगणकावर मौर्यांच्या बाजूने एकटी खेळत होती. डाव अर्ध्यावर साठवून ती म्हणाली, “बाबा, हा पुसू नका हं. दिवाळीत येऊन पुरा करीन.” नव्या आवृत्तीत साठवलेल्या डावांची यादी उघडली, तर ती रिकामी! आमच्या हिने मागून पाहिले आणि एवढेच विचारले, “गेला का तिचा डाव?” त्या प्रश्नाने मला जेवढे अस्वस्थ केले, तेवढे एखाद्या परीक्षेच्या निकालानेही केले नसेल.

डाव गेला नव्हता. आपल्याला न जुळणारे डाव यादीत दाखवायचेच नाहीत, अशी त्या पडद्यावर एक चौकट असते. तिची खूण काढली, की ते सारे दिसू लागतात. मात्र उघडत नाहीत. ते उघडणार त्यांच्या स्वतःच्या आवृत्तीतच. म्हणून मी सव्विसावी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात घातली आणि सुरू केली. तर खेळाऐवजी पुढे आली मॉडांची यादी. ‘हे जुळत नाही’ म्हणून लाल अक्षरांत तक्रार!

येथे दुखणे ओळखण्याची रीत सांगण्यासारखी आहे. कार्यक्रम दोन जागी बसवले, म्हणजे बिऱ्हाडे दोन झाली असे आपल्याला वाटते. तसे नसते. कार्यक्रम राहतो एकीकडे आणि त्याच्या सवयी राहतात दुसरीकडे. विंडोजवर ‘रोमिंग’ नावाच्या फोल्डरात ‘झिरोएडी’, त्यात ‘कॉन्फिग’ आणि त्यात ‘यूझर.सीएफजी’ नावाची छोटीशी फाइल असते. घरची मूळ रीत प्रत्येक आवृत्ती आपल्याबरोबर आणते; तुम्ही त्यात जे बदलाल, तेवढेच या फाइलीत लिहिले जाते. कोणती कळ कशासाठी, पडदा केवढा, कोणते मॉड चालू, हे सारे तिथे. आणि ही वही दोन्ही आवृत्त्यांची एकच! सत्ताविसावीने तिच्यात आपले मॉड लिहून ठेवले. सव्विसावीने तीच वही उघडली आणि गोंधळली. दोघींत दोष कुणाचाच नाही. दोष आहे तो सामाईक फडताळाचा.

अशा वेळी फाइल पुसू नये. तिचे नाव बदलून ठेवावे. मग खेळ सुरू करावा. नीट चालला, तर दुखणे सवयींत आहे. तरीही अडला, तर ते कार्यक्रमातच आहे, असे समजावे. मी नाव बदलले आणि सव्विसावी मुकाट्याने सुरू झाली. म्हणजे निदान झाले. उपचार तर एका शब्दाचा निघाला. खेळाच्या शॉर्टकटात, कार्यक्रमाच्या नावापुढे जागा सोडून, आडवी रेघ आणि ‘रायटेबलरूट’ हा शब्द लिहिला, की ती आवृत्ती आपली वही, आपले डाव, आपले मॉड, सारे आपल्याच फोल्डरात ठेवू लागते. बदललेले नाव मी पूर्ववत केले, म्हणजे अग्नीचे जुने बस्तान अबाधित राहिले. मग लेकीच्या डावाची फाइल उचलून सव्विसावीच्या नव्या घरात नेऊन ठेवली. यादी उघडली. मौर्यांचे हत्ती तिने सोडले होते तिथेच, नदीच्या काठी उभे होते.

सगळेच खेळ असे सामाईक फडताळ ठेवीत नाहीत. २००३ पासून चालत आलेला ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हाही मुक्तस्रोतच. पण तो प्रत्येक आवृत्तीमालिकेला स्वतंत्र फोल्डर देतो. तिथे भांडण नाही. पण नव्या घरी गेल्यावर आपले जुने सामान कुठे राहिले, असा प्रश्न पडतो. म्हणजे एकत्र राहिले तर खटके, वेगळे राहिले तर हुरहूर. संसाराचा हा नियम संगणकालाही चुकलेला नाही.

आम्हां मराठीवाल्यांना ही अडचण जुनीच. एका पोथीच्या समासातली टीप नक्कल करणाऱ्याने दुसऱ्या पोथीच्या ओवीत घातली, की पाठ बिघडतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती अशाच मिसळलेल्या पाठांमुळे. प्रती जपाव्यात, पण एकीचे दुसरीत मिसळू नये, हेच पाठसंशोधनाचे सार. मोठी झालेली मुले आणि त्यांचे आईबाप यांनाही ते लागू पडावे, असे मला वाटते. तिची आवृत्ती वेगळी, माझी वेगळी. तिच्या सवयी माझ्या वहीत लिहून घेण्याचा अट्टाहास कशाला? रविवारच्या डावापुरते मी तिच्या आवृत्तीत जावे, एवढे पुरे.

हिने काल फराळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. त्यांतला चकल्यांचा डबा लेकीसाठी वेगळा काढून ठेवला आहे. संगणकावरही तिच्या नावाचा एक फोल्डर आहे. गाडी परवा पहाटे येते.