आयची तहान

आमची आय पाणी कमी पिते, हे मला कळलं तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. तेही डॉक्टरांनी विचारलं म्हणून.

लघवीला जळजळ, अंगात कणकण, पाठीत कळ असं तिचं वरचेवर चालायचं. गोळ्या घेतल्या की दहा दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी सोनोग्राफी केली तर मुतखडा निघाला. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?"

"लागंल तवरा."

"म्हणजे किती?"

आय माझ्याकडे बघायला लागली. मी आठवून बघितलं. सकाळचा चहा, जेवताना अर्धा पेला, संध्याकाळी गोळीबरोबर दोन घोट. बस. डॉक्टर म्हणाले, "घरात नळ आहे ना? मग प्यायला काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. रिक्षातून घरी येताना मात्र एकेक आठवत गेलं.

आमचं घर माजिवड्याच्या गावठाणात. आता माजिवडा म्हटलं की लोकांना नाका आठवतो, उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, घोडबंदर रोडची कोंडी. माझ्या लहानपणी हे आगऱ्यांचं गाव होतं. भाताची शेतं, चिंचेची झाडं, आणि खाडीच्या अंगाला खाजण. शेजारच्या कापूरबावडीच्या तर नावातच बावडी. पण नावात बावडी असून माणसाची तहान भागत नाही. चैत्र उजाडला की आमच्या विहिरीचं पाणी तळाला जायचं आणि खाडी जवळ असल्यानं मचूळ व्हायचं. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. मग गोड्या पाण्यासाठी लांब जायचं.

आणि गंमत अशी, की गोडं पाणी आमच्या अंगावरून जात होतं. मुंबईला जाणारे मोठाले नळ कशेळीची खाडी ओलांडून बाळकूम, कापूरबावडीकडून पुढे जात. तानसाचं धरण १८९२ सालचं. म्हणजे आजीच्याही जन्माआधीपासून शहापूरच्या डोंगरातलं पाणी या बाजूनं मुंबईकडे चाललेलं. आम्ही पोरं नळावर बसायचो, कान लावायचो. आत पाणी घुमायचं. एका जोडातून ते ठिबकायचं. तिथं बायकांची रांग लागायची. एक हंडा भरायला अर्धा तास, कधी जास्त. मागून कुणी म्हटलं, "चल गो, उचल बेगीन," की भांडण ठरलेलं.

भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो वजन. वर कळशी ठेवली की वीस-बावीस. डोक्यावर चुंभळ, खाली अनवाणी पाय. आमच्या घरात नऊ माणसं, दोन बैल, एक म्हैस. आयच्या दिवसाला सात-आठ खेपा व्हायच्या. माझ्या पाठीवर भाऊ झाला आणि आय बाळंतपणात पडली, तेव्हा त्या खेपा ताईवर आल्या. ताई सहावीत होती. माझ्यापेक्षा हुशार, पाढे तोंडपाठ. गुरुजींनी दोनदा निरोप पाठवला. ताई म्हणायची, "उद्या येते." तिला शाळेतून कुणी काढली नाही. तिची शाळा सुटली. पाणी भरून होईपर्यंत शाळा भरलेली असायची, एवढंच कारण. पुढं मी शिकले ते तिनं हंडा उचलला म्हणून. ही गोष्ट ती कधी बोलून दाखवत नाही. मला मात्र पगाराच्या पहिल्या दिवसापासून टोचते.

पाण्याचे हाल सगळ्यांना दिसतात, त्यांच्यावर बोलायला लाजही वाटत नाही. दुसरं जे होतं त्यावर कुणीच बोलायचं नाही.

बाहेर जायचं ते पहाटे उजाडायच्या आत, नाहीतर दिवेलागण झाल्यावर. बायकांनी खाजणाकडं, पुरुषांनी दुसरीकडं. पुरुष दिवसाही जायचे, त्यांना कोण विचारतो? आमची पहाटे हाक यायची, "येतंस का गो?" की आय टमरेल उचलायची. चार-पाच जणी मिळून जायचं. पावसात शेतं भरलेली, बांध निसरडे, गवतात फुरसं. उन्हाळ्यात झुडपं वाळून गेलेली, आडोसा नाही. आग्रा रोडनं ट्रक आला आणि उजेड अंगावर पडला की सगळ्या एकदम उभ्या राहायच्या. ट्रक गेला की पुन्हा बसायचं. एका पहाटेत असं तीन-तीनदा. मी लहान, मला हसू यायचं. आजीनं एकदा पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "हसतंस काय? उंद्या मोठी झालीस मंग कलंल."

मोठी झाले आणि कळलं. पाळी आल्यावर तर चांगलंच कळलं. घड्या धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायच्या. ओलसर राहायच्या, तशाच वापरायच्या. खाज सुटायची, चट्टे उठायचे. औषध विचारायचं कुणाला?

या सगळ्यावर बायकांनी एकच उपाय काढला होता, तो म्हणजे पाणी न पिणं. दुपारी प्यायलं तर दुपारी जावं लागेल, आणि दुपारी जायला जागा नाही. म्हणून घसा ओला करण्यापुरतं प्यायचं. लावणीच्या दिवसांत आय दिवसभर चिखलात वाकलेली असायची, आणि बांधावर ठेवलेल्या कळशीतलं पाणी पुरुषच पिऊन संपवायचे. संध्याकाळी जेवणही बेतानंच. लग्नाला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. घरात सगळ्यांत जास्त पाणी डोक्यावर वाहणारी बाई सगळ्यांत कमी पाणी प्यायची, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तिनंही सांगितलं नाही. तिच्या आयनं तिला हेच शिकवलं होतं, आणि नकळत तिनं आम्हाला.

पुढं दिवस बदलले. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महानगरपालिका झाली, आजूबाजूची गावं तिच्यात गेली. आमचं गाव शहर झालं म्हणायचं. आधी गल्लीच्या तोंडाशी नळ आला, मग ओट्यापर्यंत. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आजीनं हळदकुंकू वाहिलं होतं. ताई त्या वेळी माहेरपणाला आली होती. कडेवर पोर घेऊन ती नळाच्या धारेकडे कितीतरी वेळ बघत उभी राहिली. काही बोलली नाही.

गावाच्या कडेला सार्वजनिक संडासही बांधून झाले. दहा खोल्यांची रांग. पण दिवा नाही, कड्या तुटलेल्या, पाणी घरून बादलीनं न्यायचं. आत गेलेल्या बाईसाठी बाहेर दुसरीनं दार धरून उभं राहायचं. रात्री दारू पिऊन टोळकं बसलेलं असलं की तिकडं फिरकायची सोय नाही. म्हणजे नळ आला, तरी आयची तहान होती तिथंच राहिली. पुन्हा पहाट, पुन्हा खाजण. त्यात खाजणाकडं भराव पडायला लागलेला. कंपन्या आल्या, चाळी आल्या, आडोसा उरला नाही.

मी डी.एड. करून नोकरीला लागले त्या वर्षी आयनं घरात विषय काढला, की संडास बांधायचा. बाबा जेवत होते. त्यांचा हात थांबला. "घरान संडास? जथं जेवाचा तथंच?" आजीही बाबांच्याच बाजूची. घरात देव आहेत, सोवळं आहे, लोक काय म्हणतील. भावाचं म्हणणं वेगळं, की पैसे कुठून आणायचे? भिंत, भांडं, टाकी, गवंडी. आय गप्प बसली. आम्हाला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याला बाजाराला गेली आणि संध्याकाळी आली ती मोकळ्या मनगटांनी. लग्नातल्या पाटल्या मोडून आली होती. रुमालात बांधलेले पैसे तिनं बाबांच्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, "पाटल्या घालून खाजणान बसाला मना लाज वाटते."

एवढं एकच वाक्य. बाबा उठून बाहेर गेले. आठ दिवसांनी गवंडी आला.

गवंड्याला सोयीची जागा विहिरीजवळची होती. मी नवी मास्तरीण, पुस्तकात वाचलेलं ताजं होतं. मैलाचा खड्डा विहिरीला लागून केला तर घाण झिरपून पाण्यात जाते, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि मग हगवण, कावीळ, विषमज्वर घराघरांत. मी अडून बसले. टाकी परसाच्या दुसऱ्या टोकाला, उंचवट्यावर केली. आजीच्या माहेरी पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, तिकडं कुणाकुणाला नारू व्हायचा. म्हणून ती आयुष्यभर पाणी फडक्यानं गाळून घ्यायची. तिला माझं म्हणणं लगेच पटलं. तो नारू १९९६ नंतर आपल्या देशात कुणाला झाला नाही, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्याला लस नव्हती, औषध नव्हतं. गाळलेलं पाणी, झाकलेलं पाणी आणि पाण्यात पाय न घालणं एवढ्यावरच तो गेला. आजीचं फडकं काही वेडेपणाचं नव्हतं.

संडास झाला आणि सगळ्यांत जास्त वापरला कुणी? आजीनंच. गुडघे धरलेले, तिला खाजणापर्यंत चालवतच नव्हतं. वर्षभरात शेजारच्या दोन घरांतही गवंडी आला. माझ्या वहिनीला पहाटेची ती हाक माहीतच नाही.

मला पुढं शहापूर तालुक्यात शाळा मिळाली. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं त्याच बाजूची. ज्या नळावर कान लावून मी मोठी झाले, त्याच्या वरच्या टोकाला जाऊन पोहोचले. वाटलं, इथं तरी पाण्याला तोटा नसेल. मार्च संपला आणि पाड्यांवर टँकर यायला लागले. विहिरीच्या तळाशी उतरून बायका वाटीनं हंडा भरत होत्या. तीच रांग, तेच "उचल बेगीन", फक्त बोली वेगळी. हजेरीपत्रकात मुलींच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणा वाढायला लागल्या. सातवीतली एक मुलगी महिन्याला चार दिवस यायची नाही. मी विचारलं तर खाली मान. शाळेला संडास होता, पण त्याला कुलूप होतं. "पाणी नाही, घाण होते," असं मला सांगण्यात आलं.

मला ताई आठवली. पाड्यावरच्या बायांना बोलावलं, त्यांच्याशी मोकळेपणानं बोलले. माझ्या आयची पाटल्यांची गोष्ट सांगितली. एका घरानं पिंप दिलं. टँकर आला की आधी शाळेचं पिंप भरायचं असं ठरलं. कडी बसवली, आत खुंटी ठोकली, किल्ली मोठ्या मुलींच्या हातात दिली. खर्च माझ्या अर्ध्या पगाराचाही नव्हता. पुढच्या महिन्यात ती मुलगी सगळे दिवस आली. सगळ्याच मुली टिकल्या असं नाही. दोघींची लग्नं झाली, एकीच्या डोक्यावर हंडा राहिलाच. पण त्या खुणा कमी झाल्या, हे मी माझ्या हातानं भरलेल्या पत्रकात पाहिलं.

पाण्यासाठी बायकांनी रस्त्यावर यायचं हे आपल्याकडे नवं नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणायचे ते उगाच नाही. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छतागृह हा माणसाचा हक्क आहे असा ठराव केला. जगभरात ज्या घरांत पाणी नाही, त्यांतल्या दहापैकी सात घरांत ते बायका-मुलीच आणतात, असं युनिसेफ सांगतं. हे वाचलं की मला आकडा दिसत नाही. चुंभळ दिसते, आणि चुंभळीखालची ताई दिसते.

पण रांगेतला हंडा फोटोत येतो, न प्यायलेला पेला येत नाही. पाणी आणि संडास या दोन योजना म्हणून वेगवेगळ्या मोजल्या जातात. बाईच्या देहाला मात्र त्या एकच असतात. नळ दिला आणि जायला जागा दिली नाही, तर ती नळापाशी बसूनही तहानलेलीच राहते. आमच्या आयनं तर जागाही मिळवली, तरी पन्नास वर्षांची सवय सुटली नाही. संडास दहा पावलांवर, आणि हात पेल्याकडे जाईना.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी रिकामा झाला पाहिजे असा दंडक. ती कुरकुरते, "म्हस हाय का मी?" पण पिते. खडा पडून गेला. जळजळ थांबली.

कुठं लग्नाला, साखरपुड्याला जायचं निघालं की मात्र ती अजून पहिला प्रश्न तोच विचारते. जेवण काय, पाहुणे किती, हे नंतर. आधी, "तथं संडास हाय का गो?" पूर्वी चारचौघांत मला शरम वाटायची, मी तिला दटावायची. आता आमंत्रण आलं की मीच फोन करून विचारून घेते. हॉल कुठल्या मजल्यावर, बायकांची सोय कुठं, आत पाणी आहे ना. मग निघण्याआधी पेला भरून तिच्या हातात देते आणि सांगते, "आय, हाय तथं. पी."