वाटणी झालेलं शहर

भावाभावांत वाटणी झाली की अंगणात कुंपण उभं राहतं. पण मधली विहीर कुणाची, हे काही ठरत नाही. बर्लिनची अशी विहीर म्हणजे तिथली भुयारी रेल्वे.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी हे शहर वाटून घेतलं: पूर्व भाग सोव्हिएतांना, पश्चिम भाग बाकी तिघांना. हरलेल्याला कोण विचारतो? पुढे जेत्यांचंच आपापसांत फाटलं. जून १९४८ मध्ये सोव्हिएतांनी आपल्या ताब्यातल्या मुलखानं वेढलेल्या पश्चिम बर्लिनची जमिनीवरची वाट अडवली, तेव्हा पिठापासून कोळशापर्यंत सगळं जवळजवळ अकरा महिने विमानानं आलं. १२-१३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री पूर्वेनं पश्चिमेभोवती काटेरी तारा टाकल्या. मागोमाग भिंत आली. बर्नाउअर रस्त्यावर तर घरं पूर्वेत आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत! लोक खिडक्यांतून उड्या टाकून पळू लागले, तेव्हा खिडक्याच विटांनी बुजवल्या.

जमिनीखाली मात्र वेगळाच प्रकार. पश्चिमेचे दोन भुयारी मार्ग पूर्वेच्या पोटातून जात. गाडी तिथं वेग कमी करी, पण बहुतेक स्टेशनांवर थांबत नसे. मिणमिणत्या उजेडातल्या रिकाम्या फलाटावर बंदूकधारी पहारेकरी. पूर्वेच्या नकाशांतून ही स्टेशनं गायबच. या वापराचे पैसे पश्चिम पूर्वेला इमानेइतबारे मोजत होती. वैर वैराच्या जागी, भाडं भाड्याच्या जागी.

हे सगळं ज्या रात्री कोसळलं, तिची सुरुवातही गमतीची. ९ नोव्हेंबर १९८९ ला पूर्व जर्मनीचे पक्षनेते गुंटर शाबोव्स्की यांना पत्रकारांनी विचारलं, पश्चिमेत जायची नवी मुभा लागू कधी? त्यांनी कागद चाळले आणि सांगून टाकलं, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. खरं तर ती दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायची होती. रात्री बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर गर्दी आवरेना, वरून हुकूम येईना. अखेर तिथल्या अधिकाऱ्यानं फाटक उघडलं. ३ ऑक्टोबर १९९० ला जर्मनी आणि बर्लिन कागदोपत्रीही एक झाले.

पण दोन संसार एकत्र आले की भांडीकुंडी दुप्पट होतात. बर्लिनला आजही दोन प्राणिसंग्रहालयं आहेत. पूर्वेच्या सिग्नलच्या दिव्यातला टोपीवाला माणूस भिंतीच्याच वर्षी, १९६१ मध्ये जन्मला. एकीकरणानंतर त्याला काढायला निघाले, तेव्हा लोक त्याच्यासाठी भांडले. आता तो पश्चिमेतही रस्ता ओलांडून देतो. मला या शहराचं कौतुक वाटतं ते इथं. एकत्र यायचं म्हणून धाकट्या पातीनं आपलं सगळंच टाकून द्यावं, हा हट्ट निदान इथं तरी चालला नाही.

ट्रामचंही तसंच. पश्चिमेनं आपल्या ट्राम १९६७ पर्यंत मोडीत काढल्या होत्या, पूर्वेनं जपल्या. १९९५ मध्ये ट्राम पुन्हा पश्चिमेत शिरली, तीही त्याच बोर्नहोल्मर नाक्याच्या पुलावरून. शहरातले बहुतेक रूळ मात्र अजून पूर्वेतच आहेत.