मामाचं डोकं

टक्कल मामावरून येतं, असं आमच्या आजरा-गडहिंग्लज भागात सर्रास म्हणतात. मी स्वतः मामा आहे, आणि माझ्या डोक्यावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून फिरणारा घोड्याच्या नालेसारखा पट्टा सोडला तर काही नाही. त्यामुळे भाचा बंगळूरला नोकरीला आला आणि चोविसाव्या वर्षीच त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागं सरकू लागले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. या समजुतीत अर्धं तथ्य आहे. पुरुषी संप्रेरकांपुढं केसाचं मूळ किती लवकर हार मानणार हे ठरवणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडून. पण वडिलांकडूनही याच कामाची पुष्कळ जनुकं येतात. भावजींचं डोकं अजून भरलेलं आहे म्हणून ते सुटले, इतकंच.

भाच्यानं आधी दोष पाण्याला दिला. बेळंदूरच्या पीजीत राहणारा प्रत्येक पोरगा हेच सांगतो: बोअरचं पाणी, टँकरचं पाणी, जड पाणी. त्यानं शॉवरला फिल्टर बसवला, दोनदा बदलला. जड पाण्यानं केस राठ होतात, हे मला मान्य आहे. पण पाणी काही मागचे केस वगळून फक्त कपाळाचे कोपरे आणि टाळू निवडत नाही.

मग ताईचा फोन आला. स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि मुलीकडच्यांनी टोपी नसलेला फोटो मागितला होता. "तू हायस तिथं, तूच बघ त्याचं. लग्नाआधी काय ते हून जाऊ दे." शेवटी तिनं एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. बंगळूरहून तिरुपती एका रात्रीचा रस्ता; तिथं रोज हजारो माणसं डोकं उतरवतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं. मग त्यातलेच थोडे याच्या डोक्यात का लावत नाहीत?

लावत नाहीत, कारण दुसऱ्याचं मूळ आपलं शरीर टिकू देत नाही. तिरुपतीच्या केसांचा विग होतो, रोप होत नाही. केसरोपण म्हणजे स्वतःच्याच डोक्याच्या मागच्या भागातली मुळं काढून पुढं लावणं. तिथली मुळं संप्रेरकांना दाद देत नाहीत, आणि पुढं आणून लावली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये हे करून पाहिलं आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्याही आधी, १९३९ मध्ये, जपानच्या शोजी ओकुडा यांनी व्रणांमुळं गेलेल्या केसांसाठी असंच काम केलं होतं. पण ते जपानीत छापलं गेलं, लगेच महायुद्ध पेटलं, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता लागला नाही. त्या काळचे तुकडे पेन्सिलीएवढे जाड असत. एकेका तुकड्यात दहा-वीस केस. दिसायला बाहुलीचं डोकं.

आता रोप लहान झालंय. केस त्वचेतून सुटे उगवत नाहीत. एकेक, दोन-दोन, तीन-तीन, क्वचित चार अशा जुडग्यांनी उगवतात. ते जुडगं न मोडता उचलायचं आणि तसंच लावायचं. यालाच क्लिनिकवाले ग्राफ्ट म्हणतात. आणि हे जुडगं काढायचं कसं, यावरच सगळी भांडणं आहेत.

महिन्याभरात आम्ही तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. टॅबलेट घेतलेली एक काउन्सेलर भेटली. तिच्या पडद्यावर दोन रकाने होते. एफयूटीच्या रकान्यात टाके, व्रण, वेदना असं लाल अक्षरात. एफयूईच्या रकान्यात टाके नाहीत, व्रण नाही, दुखणं नाही असं हिरव्या अक्षरात. तीन हजार ग्राफ्ट, पुढची रेघ पूर्वीसारखी खाली, पुढच्या आठवड्यात तारीख. दुसऱ्या ठिकाणी तिसरा रकाना निघाला: पेनवाली पद्धत, अर्थात सर्वांत महाग. हे पेन कोरियात निघालेलं चांगलं हत्यार आहे. पोकळ सुईत रोप भरायचं आणि दाबून थेट त्वचेत सोडायचं. पण ते लावणीचं हत्यार आहे. रोप काढायची पद्धत तीच, एफयूईची. काढणी आणि लावणी एकाच रकान्यात मांडून तुलना करणारा माणूस एकतर शेतकरी नाही किंवा गिऱ्हाईक शेतकरी नाही, हे त्यानं ओळखलंय.

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरबाई स्वतः भेटल्या. त्वचारोगतज्ज्ञ, बोलणं कन्नड वळणाच्या इंग्रजीत. त्यांनी भाच्याचं डोकं बघितलं आणि मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा या खुर्चीत बसा." मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्या भिंगातून माझ्याच डोक्याकडं बघत होत्या. माझं कितव्या वर्षी सुरू झालं, टाळू कधी गेली, मागचा पट्टा किती खाली उतरला. भाच्याचं पन्नाशीतलं डोकं आज बघायचं असेल तर जवळात जवळचा नमुना मी होतो. तीन क्लिनिकांत पहिल्यांदाच कुणीतरी माझा उपयोग केला.

दोन्ही पद्धती त्यांनी समजावून सांगितल्या. मी त्या माझ्या भाषेत सांगतो. आमच्याकडं घनसाळ भाताची रोपं तरव्यात वाढवतात आणि पाऊस धरला की चिखलात लावतात. समजा, तरव्यातली एक लांब पट्टी मातीसकट उचलली, सावलीत नेली आणि मुळं मोकळी करत एकेक रोप वेगळं केलं. ही एफयूटी. डोक्याच्या मागून साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर रुंद आणि वीसेक सेंटिमीटर लांब त्वचेची पट्टी काढतात, कडा जोडून टाके घालतात आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कापून जुडगी वेगळी करतात. सूक्ष्मदर्शकाची ही रीत १९८८ मध्ये टेक्सासच्या बॉब लिमर यांनी सुरू केली. मूळ टोकापर्यंत दिसत असतं, त्यामुळे कापलं जायची भीती कमी. आणि पट्टी निघते ती मागच्या भागाच्या अगदी मधल्या, सर्वांत भरवशाच्या जागेतून. बदल्यात एक आडवी रेघ जन्मभर राहते. वरचे केस बोटभर वाढवले की ती झाकते.

एफयूई म्हणजे तरवा न उचलता उभ्याउभ्या एकेक रोप काढणं. मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक तोंडाचा गोल पंच केसाभोवती फिरवायचा आणि जुडगं चिमट्यानं ओढून घ्यायचं. २००२ मध्ये रासमन आणि बर्नस्टाइन यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला आणि तिथून ती पसरली. टाके नाहीत, हे खरं. पण व्रण नाही, हे खरं नाही. दीड हजार ग्राफ्ट म्हणजे दीड हजार बारीक पांढरे ठिपके. विखुरलेले असतात म्हणून नजरेत भरत नाहीत. शिवाय केस त्वचेच्या वर ज्या कोनात दिसतो, त्याच कोनात आत असतोच असं नाही. पंच आंधळा असतो. हात सरावलेला नसेल तर मूळ आतल्या आत कापलं जातं, आणि ते रोप इथंही नाही नि तिथंही नाही. हावरेपणानं काढत गेलं तर मागचं डोकं कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं.

या विषयावरची आपल्याकडची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लिहिणारे दोघे: पुण्याचे नरेंद्र पटवर्धन आणि बंगळूरचे वेंकटराम म्हैसूर. पुणे-बंगळूर रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही जोडी वाचून उगीचच बरं वाटलं. त्यात पट्टी काढण्याचीच शिफारस आहे, एकाच पात्यानं आणि सूक्ष्मदर्शकासह. जुने जाड पंच बाद. चौरस सेंटिमीटरला ३५ ते ४५ जुडगी लावावीत, जास्त दाट लावलं तर रक्तपुरवठ्यावर ताण येतो. अगदी तरुण माणसाचं टक्कल अजून सरकत असेल तर जपून. आणि बहुतेकांना सोबत औषध लागणारच. त्यानंतर बाजार एफयूईकडं वळला. त्याचं एक कारण रेघ, दुसरं माझ्या मते असं, की पट्टीसाठी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणारी सहा-आठ तयार माणसं लागतात. मशीनचा पंच विकत मिळतो, तशी माणसं मिळत नाहीत.

मी बँकेत हयात घालवली, म्हणून मला यातली खरी गोष्ट लगेच कळली. मागच्या भागातून जन्मभरात काढता येतील अशी जुडगी साधारण पाच-सहा हजार, माणसागणिक कमीजास्त. ही मुदत ठेव आहे आणि तिला व्याज नाही. कुठलीही पद्धत नवा केस निर्माण करत नाही, जागा बदलते. सव्विसाव्या वर्षी तीन हजार पुढच्या रेघेवर उधळले आणि चाळिशीत माझ्यासारखी टाळू उघडी पडली, तर पुढं केसांचं बेट आणि मागं तळं. पहिल्या क्लिनिकनं टॅबलेटवर रंगवलेलं चित्र म्हणजे नेमकं हेच बेट होतं. तळं काढायचं त्यांनी राखून ठेवलं होतं.

बाईंनी भाच्याला एकच प्रश्न विचारला, जो आधी कुणी विचारला नव्हता. "केस किती बारीक कापतोस?" तो म्हणाला, बाजूला आणि मागं दोन नंबरची मशीन. मग पट्टी नको, रेघ दिसेल. वाढवायची तयारी असती आणि जास्त ग्राफ्ट लागणार असते, तर त्यांनी आधी पट्टी सुचवली असती. पण आत्ता काहीच नको म्हणाल्या. आधी वर्षभर औषध. फिनास्टराइड, जे मुळात प्रोस्टेटसाठी आलं. आणि मिनॉक्सिडिल, जे मुळात रक्तदाबासाठी. फिनास्टराइडचे दुष्परिणाम सांगताना त्या आडपडदा न ठेवता बोलल्या: काही थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, ताठरतेवर परिणाम होतो, तसं काही वाटलं तर लगेच सांगायचं. भाचा माझ्याकडं बघेना. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

तो बाहेर आल्यावर चिडला. "मामा, वर्षभर? आई फेब्रुवारीत साखरपुडा म्हणतीय." पण फेब्रुवारी कुठल्याच पद्धतीत बसत नव्हता. लावलेले केस तीन-चार आठवड्यांत गळतात, मूळ आत राहतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब येतो आणि नीट दिसायला नऊ महिने ते वर्ष लागतं. दोन क्लिनिकांनी हे त्याला सांगितलं नव्हतं. मी ताईला समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे बाळंतपणाएवढं." मी म्हटलं, तेवढंच. त्या स्थळाचं पुढं काही झालं नाही. त्याच सुमारास भाच्यानं 'ओंदु मोट्टेय कथे' हा २०१७ चा कन्नड सिनेमा बघितला. राज बी. शेट्टी यांचा, टक्कल पडलेल्या, लग्न न जमणाऱ्या कन्नडच्या प्राध्यापकाची गोष्ट. त्याला वाटलं होतं विनोदी असेल. रात्री मला मेसेज आला: निम्मा बघितला, पुरे.

पहिल्या क्लिनिकचे फोन चालूच होते, सवलत दर आठवड्याला वाढत होती. मी ठाम राहिलो ते पैशासाठी नव्हे. चेन्नईत २०१६ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारा एक तरुण केसरोपणानंतर गेला, मुंबईत २०१९ मध्ये एक व्यावसायिक. भूल आणि औषधाची रिअॅक्शन त्वचेच्या कामातही येऊ शकते, आणि तेव्हा समोर कोण उभा आहे याला महत्त्व येतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावं लागलं, की कार्यशाळेला हजेरी लावून किंवा यूट्यूब बघून हे काम शिकल्याचं धरता येणार नाही. पंच कुणाच्या हातात असेल, हा प्रश्न मी पहिल्या क्लिनिकला फोनवर विचारला. "आमची टीम एक्स्पर्ट आहे, सर." डॉक्टरचं नाव त्या दिवशी मिळालं नाही.

चौदा महिन्यांनी, दर तीन महिन्यांच्या फोटोंत गळती थांबलेली दिसल्यावर, बाईंनी तारीख दिली. एफयूई, दीड हजार ग्राफ्ट, ग्राफ्टला साठ रुपये. नव्वद हजार, वर अठरा टक्के जीएसटी. उपचारांवर हा कर नसतो, पण कायद्यानं त्या सवलतीतून केसरोपणाला नाव घेऊन वगळलंय. पुढची रेघ त्यांनी पेननं आखली तेव्हा भाचा म्हणाला, थोडी खाली. त्या म्हणाल्या, "चाळिशीतही शोभली पाहिजे," आणि कोपरे मागंच ठेवले.

सकाळी नऊपासून मी बाहेर बसलो. आधी तो पालथा, मागं भूल आणि पंचाची बारीक घरघर. दुपारी दहीभात खाऊन उताणा, लावणी. पंच बाईंच्याच हातात होता, हे मी दार उघडलं की बघत होतो. मधे एका मुलीनं मोजणीचा कागद आणून दाखवला: एका केसाची ४१२, दोनची ७८०, तीनची ३०८. एकेरी सगळी पुढच्या रेघेला, म्हणजे कड आखल्यासारखी दिसत नाही. बेरीज मी तिथल्या तिथं करून बघितली. जुळली.

निघताना बाईंनी मला सहज विचारलं, तुमचा विचार आहे का? वय झालेलं, टक्कल थांबलेलं, अपेक्षा माफक, मागचे केस लांब. पट्टीसाठी भाच्यापेक्षा मीच चांगला उमेदवार होतो. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "आधी मोतीबिंदूचं बघा."

आता पाचवा महिना चाललाय. तिसऱ्या आठवड्यात सगळं गळलं तेव्हा तो सांगितलेलं असूनही घाबरला होता. परवा जेवायला आला तेव्हा पुढं बारीक, किंचित वाकडे केस उगवलेले दिसले, नव्या लावणीसारखे विरळ. ताईला फोटो हवा होता. नववा महिना होऊ दे म्हणाला, आणि हात धुऊन रात्रीची गोळी घेतली.